बर्फाच्या पन्हळींतला खेळाडू



आज मीं ज्या खेळाविषयीं बोलणार आहें, तो मीं स्वतः कधीं खेळलों नाहीं, आणि आपल्यांपैकीं बहुतेकांनींही खेळला नसेल. आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाहीं, त्याला इलाज नाहीं. परंतु सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या मला या खेळांतील एका गड्याच्या चरित्रानें अस्वस्थ केलें, म्हणून हा प्रपंच.

खेळाचें नांव स्नोबोर्डिंग. १९६५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थांनीं आपल्या मुलींसाठीं बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकत्र बांधून एक फळी केली. खेळाच्या मुळांपैकीं हें एक. पुढें त्या फळीला पाय जखडण्याची सोय झाली, आणि १९९८ सालीं जपानांतील नागानो येथें या खेळाला ऑलिंपिकांत स्थान मिळालें. त्याच्या एका प्रकाराला हाफपाइप म्हणतात. कौलारू घराच्या वळचणीला लावलेली अर्धगोल पन्हळ आठवा. तशीच, पण घट्ट बर्फाची आणि सुमारें २२ फूट उंच भिंतींची एक प्रचंड पन्हळ डोंगराच्या उतारावर केलेली असते. खेळाडू एका भिंतीवरून घसरत दुसरीवर चढतो, तिच्या कांठावरून अधांतरीं उडतो, तेथें गिरक्या व कोलांट्या घेऊन पुन्हां त्याच भिंतीवर उतरतो, आणि लागलीच समोरच्या भिंतीकडे धांवतो. अशा पांच-सहा उड्या, अवघ्या अर्ध्या मिनिटांत! उडीचें नांव अंशांवरून पडतें, हें मात्र माझ्यासारख्या भूमिती शिकविणाऱ्याला फार आवडलें. १०८० म्हणजे तीन पूर्ण गिरक्या, १२६० म्हणजे साडेतीन, १४४० म्हणजे चार.

या खेळाचा महारथी शॉन व्हाइट १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें जन्मला. त्याच्या हृदयांत जन्मतःच चार दोष होते. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोंक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, मुख्य धमनीचें मूळ जागेवरून सरकलेलें आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. वैद्यकांत याला टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो म्हणतात. वर्षाचा होण्यापूर्वींच त्याच्यावर दोन वेळां शस्त्रक्रिया झाली. असें हें लेंकरूं सहाव्या वर्षीं फळीवर उभें राहिलें.

येथें मला थोडें स्वतःविषयीं बोलणें भाग आहे. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याच्या हृदयांतही जन्मजात कांहीं दोष होता. डॉक्टरांनीं त्याच्या वडिलांना 'फार दमूं देऊं नका' एवढेंच सांगितलें होतें. मीं त्याला खेळाच्या तासाला चार वर्षें निंबाखालीं बसवून ठेवलें. त्याच्या हातीं शिटी दिली, आणि आपण मोठी दया केली असें मानलें. डॉक्टरांना पुन्हां विचारावें, हें मला सुचलें नाहीं. पुढें मोठेपणीं तो एकदां भेटला तेव्हां हंसत म्हणाला, "गुरुजी, एकदां तरी मला पळूं द्यायचें होतें." त्या हंसण्याचा अर्थ मला शॉनचें चरित्र कळेपर्यंत उमगला नव्हता.

२००६ सालीं ट्यूरिन येथें एकोणिसाव्या वर्षीं शॉननें पहिलें सुवर्णपदक मिळविलें. त्याची खरी कसोटी मला २०१० च्या व्हँकुव्हरमध्यें दिसते. दोन फेऱ्यांतील अधिक चांगली तीच धरावयाची, असा तेव्हां नियम होता. पहिल्या फेरींतील त्याचे ५० पैकीं ४६.८ गुण कोणालाच ओलांडतां आले नाहींत, आणि शेवटची पाळी त्याचीच होती. म्हणजे सुवर्ण हातीं आलेलेंच होतें. नुसता घसरत खालीं आला असता तरी चाललें असतें. परंतु त्यानें त्या फेरींत दोन कोलांट्या व साडेतीन गिरक्यांची आपली सर्वांत अवघड उडी घेतली, आणि गुण पडले ४८.४! ही उडी त्यानें कोलोरॅडोंत स्वतःसाठीं बांधलेल्या एकांत पन्हळींत, फोमच्या ठोकळ्यांनीं भरलेल्या खड्ड्यांत पडत पडत साधली होती.

पण हें सांगतांना एक नांव गाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. शॉनचा प्रतिस्पर्धी केव्हिन पिअर्स त्याच ऑलिंपिकची तयारी करीत असतां ३१ डिसेंबर २००९ रोजीं युटा राज्यांतील पार्क सिटी येथें अशीच अवघड उडी घेतांना डोक्यावर पडला. मेंदूला भयंकर इजा झाली. तो वांचला, परंतु स्पर्धेंत पुन्हां उतरूं शकला नाहीं. वर्षागणिक एक गिरकी वाढविणाऱ्या या चढाओढीचें मला निर्भेळ कौतुक करवत नाहीं. पालकांनीं भ्यावें, हें अगदीं रास्त आहे. मींही भ्यालोंच होतों.

२०१४ सालीं सोची येथें शॉन चौथा आला. २०१७ च्या ऑक्टोबरांत न्यूझीलंडमध्यें सराव करतांना तोंड पन्हळीच्या कांठावर आपटून चेहऱ्याला ६२ टांके पडले. आणि चारच महिन्यांनीं कोरियांतील प्योंगचांग येथें तो पुन्हां उभा होता. जपानचा आयुमु हिरानो ९५.२५ गुणांनीं पुढें, आणि शेवटची फेरी शॉनची. लागोपाठ दोन वेळां १४४०, गुण ९७.७५. तिसरें सुवर्ण! मोठा बाप्या गडी, पण हुंदके देऊन रडला.

२०२२ सालीं पेकिंगच्या ऑलिंपिकांत तो पस्तिशीचा होता. शेवटच्या फेरींत पडला, ८५ गुणांवर राहिला आणि पुन्हां चौथा आला. सुवर्ण हिरानोनें घेतलें. गिरक्या चारच, पण कोलांट्या तीन झाल्या होत्या. शॉनचे डोळे भरून आले, आणि त्याच्याहून वयानें लहान गडी येऊन त्याला कडकडून भेटूं लागले.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं हें सारें पत्रानें लिहून धाडलें आहे. निंबाची गोष्टही लिहिली. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.