बांबूच्या बेटाचा हिशेब



मुद्दल आणि व्याज यांचे गणित प्रत्येक शाळेत फळ्यावर मांडले जाते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत ते गावाशेजारच्या बांबूच्या बेटातही उभे असते. बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून निघतो व काही महिन्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो. पुढे तो उंचही होत नाही व जाडही होत नाही. केवळ टणक होत जातो, आणि त्यास सुमारे तीन वर्षे लागतात. जमिनीखालचा कंद व वरचे कोवळे बांबू हे मुद्दल, आणि पक्व बांबू हे व्याज. आधारासाठी थोडे जुने बांबू ठेवून उरलेले पक्व तेवढे तोडले, तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. सरसकट तोडले, तर पुढील पावसाळ्यातील कोंबास पोसावयास काही उरत नाही. वास्त्यांची भाजी रुचकर खरी. पण तीही या हिशेबात खर्चाच्याच बाजूस मांडली पाहिजे.

आज ज्यास चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात, तिचे मूळ येथे दिसते. चंद्रपूरचा कोळसा जळून राख उरते. तिच्या विटा होतात, सिमेंटातही ती मिसळते. हे चांगलेच, परंतु कोळसा परत येत नाही. जुन्या वह्यांची रद्दी गिरणीत जाऊन पुन्हा कागद होतो, पण प्रत्येक फेऱ्यात तंतू आखूड होतो व अखेर नवा तंतू जंगलाकडूनच मागावा लागतो.

तेव्हा जंगलाचा हिशेब ठेवावयाचा कोणी, हाच खरा प्रश्न होय. बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे अनेक दशके या भागातील बांबू जात असे. तोडणारे हात गावचे असत. किती तोडावे हे ठरविणारे मात्र गावचे नसत. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूस गौण वनोपज मानले व त्यावर वननिवासींची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यावा, हा वाद राहिलाच. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कोठे कागदावरील हक्क गाडीत चढला.

मेंढ्याची कीर्ती बांबूच्या विक्रीने झाली. परंतु लक्षात घेण्याजोगी आहे ती तेथील रीत. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी विषयाचा अभ्यास गटात बसून केला जातो. यास वेळ लागतो. मात्र ज्यास सर्वांनी होकार दिला, तो नियम मोडणाऱ्यास गावात आडोसा मिळत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास २०१२ साली असाच हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने याहून कठीण निर्णय घेतला. तेंदूपानांच्या हंगामासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलास आगी लावल्या जातात; म्हणून गावाने तेंदूपाने तोडणेच बंद केले. उन्हाळ्यात हातातोंडाची गाठ ज्या पैशाने पडते, तो पैसा सोडणे बोलण्याइतके सोपे नव्हे. बांबूचे उत्पन्न हाती होते म्हणून ते शक्य झाले, हेही मुलांना सांगावे.

शाळेने या कामी काय करावे? पावसाळा सरल्यावर ग्रामसभेच्या संमतीने मोठ्या वर्गातील मुलांना एखाद्या बेटाकडे न्यावे. यंदाच्या बांबूवर पांढुरकी भुकटी व पेरांभोवती वेष्टने दिसतात. जुना बांबू निस्तेज असतो. त्यावरून नवे, मधले व पक्व बांबू मुलांनी वेगवेगळे मोजावेत आणि तारखेसह वहीत लिहावेत. पुढील वर्षी तेच बेट पुन्हा मोजावे. बांबूस अनेक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो व मग बेट वाळून जाते. त्या वर्षी खाली पडलेल्या बियांची रोपे गुरांपासून व वणव्यापासून राखावी लागतात. म्हणून ही वही शाळेच्या दप्तरात ठेवावी, व शिक्षकाची बदली झाली तर इतर कागदपत्रांबरोबर नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.