न गायलेला स्वर

केशकर्तनालयाचे नाव मिरवणारी बार्बरशॉप ही शैली वाद्यांच्या साथीशिवाय चार आवाजांत गायली जाते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुष केशकर्तनालयांत व नाक्यांवर जमून जे उत्स्फूर्तपणे गात, त्यातून ती घडली, असे आता अनेक संशोधक मानतात. स्त्रियांची स्वीट ॲडलाइन्स ही संघटना १९४५ मध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथे एडना मे अँडरसन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. मूळ कृष्णवर्णीयांच्या गाण्यात असलेल्या या कलेच्या संघटनेने पुढे सदस्यत्व श्वेतवर्णीय स्त्रियांपुरतेच ठेवले आणि त्याच्या निषेधार्थ बाहेर पडलेल्या शाखांनी १९५९ मध्ये हार्मनी इनकॉर्पोरेटेड ही स्वतंत्र संस्था काढली, ही गोष्ट कौतुकाच्या भरात वगळली जाऊ नये. तो निर्बंध १९६६ मध्ये उठला.

चार आवाजांपैकी लीड चाल गातो, टेनर तिच्या वरचा हलका स्वर धरतो, बास पाया देतो आणि बॅरिटोनच्या वाट्याला उरलेला स्वर येतो, त्यामुळे बॅरिटोनची ओळ एकटीच ऐकली तर चाल विसरलेल्या माणसाच्या गुणगुणण्यासारखी वाटते. स्त्रियांच्या वृंदातही हीच पुरुषी नावे चालतात. अशा वृंदात पुरुषाचा खर्ज शोधणाऱ्या श्रोत्याची निराशा होते, आणि ती व्हावीच. तेथे चारही आवाज एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि गोडी त्या जवळिकीची असते.

ही गोडी स्वरलिपीपेक्षा तंबोऱ्यावरून लवकर कळते. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून, गांधाराची तार नसतानाही, गांधार ऐकू येतो आणि त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. बार्बरशॉपमध्ये चार गळे मिळून असेच काही घडवतात. एकाच वेळी गायलेल्या स्वरांच्या मेळाला कॉर्ड म्हणतात, आणि या शैलीची लाडकी कॉर्ड षड्ज, गांधार, पंचम व कोमल निषाद यांची असते. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले, तर तिच्यातला निषाद पियानोच्या निषादापेक्षा सुमारे ३१ भागांनी आणि गांधार सुमारे १४ भागांनी उतरलेला असावा लागतो. ते स्वर तेथे नेमके बसले, की कोणीच गात नसलेला एक स्वर वर कोठेतरी उमटतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली आणि तीन दशके टिकलेली बंदी अन्यायाचीच होती, परंतु ठरावीक पट्ट्यांत न मावणाऱ्या स्वरांविषयीची तिच्यामागची तक्रार अशी कॉर्ड ऐकताना समजू शकते.

स्टॉकहोमच्या नैऋत्येस असलेल्या रॉनिंगे या गावाच्या रॉनिंगे शो कोरसने २०१३ मध्ये होनोलुलू येथे स्वीट ॲडलाइन्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा उत्तर अमेरिकेबाहेरच्या वृंदाला हा मान प्रथमच मिळाला. वृंदाच्या तेव्हाच्या संचालिका ब्रिट-हेलेन बोन्नेदाल या स्वतः ग्रोइंग गर्ल्स या विजेत्या चौकडीतून गायलेल्या आहेत. पदकापेक्षाही मोठी वाटावी अशी त्यांची कामगिरी म्हणजे, स्वीडिश मातृभाषेत वाढलेल्या कितीतरी स्त्रियांकडून इंग्रजी शब्दांतला एकच ‘आ’ काढून घेणे. कारण एकीचा ‘आ’ जरा ‘ॲ’कडे झुकला, तरी स्वर बरोबर असूनही घुमारा नाहीसा होतो. असले काम आठवड्यांमागून आठवडे तालमीत चालते आणि रंगमंचावर दिसतात ते झगमगते पोशाख.

या मैफलींतील एक गोष्ट मात्र खटकते. गाण्याच्या शेवटच्या काही मात्रांना टॅग म्हणतात. तेथे बहुधा एक आवाज एकच स्वर धरून ठेवतो आणि उरलेले त्याच्याभोवती कॉर्ड बदलत राहतात, आणि नेमक्या याच वेळी सभागृहात टाळ्या व आरोळ्या सुरू होतात. उत्साह समजण्याजोगा आहे, पण पदार्थ तोंडात घालण्यापूर्वीच त्यावर लिंबू पिळण्यातला हा प्रकार आहे. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याने चाल सोडून त्या धरलेल्या स्वरावर कान ठेवावा. तो जागचा हलत नाही, तरी आजूबाजूची कॉर्ड बदलताच आधी पंचम वाटलेला स्वर षड्ज वाटू लागतो, मग कदाचित गांधार. आणि टाळ्यांपूर्वीचा अर्धा क्षण ध्वनिमुद्रणात उरला असेल, तर तेवढ्यापुरता आवाज थोडा वाढवावा.