स्फटिकविज्ञान आणि त्याचे मानकरी

खडीसाखरेचा खडा, तुरटीचा तुकडा, मिठाचा कण या वस्तू आपल्या घरात इतक्या सहजपणे वावरतात की, त्यांच्याकडे निरखून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. पण मिठाचा कण भिंगाखाली धरला, तर त्याच्या कडा काटकोनात मिळालेल्या दिसतात; तो फोडला तरी त्याचे तुकडे पुन्हा चौकोनीच निघतात. हा नेमकेपणा येतो कोठून? पदार्थाच्या अंतर्भागात कणांची काही शिस्तबद्ध मांडणी असली पाहिजे, असा तर्क विद्वानांनी पूर्वीच केला होता. त्या तर्काला प्रत्यक्ष प्रमाण मिळाले ते मात्र १९१२ साली.

त्या वर्षी जर्मनीतील म्युनिक शहरात माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोन तरुणांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरणांचा झोत सोडला. मागे ठेवलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर ठिपके उमटले. स्फटिकातील अणूंच्या रांगांनी किरणांना ठरावीक दिशांनीच वळवले होते. क्ष-किरण हे तरंग आहेत आणि स्फटिक ही अणूंची सुबक रचना आहे, या दोन्ही गोष्टी एका प्रयोगाने सिद्ध झाल्या. १९१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक लाउए यांना मिळाले. ज्यांच्या हातांनी प्रयोग झाला, त्या दोघांची नावे पारितोषिकात नव्हती. या शास्त्राच्या पहिल्याच मोठ्या सन्मानाबरोबर एक प्रश्न जन्माला आला, आणि तो पुढे शंभर वर्षे या शास्त्राच्या सोबतीने चालत राहिला. एखाद्या शोधाचे श्रेय नेमके कोणाचे?

ठिपक्यांवरून अणूंच्या जागा कशा वाचाव्यात, हे इंग्लंडमधील विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी दाखवले. १९१५ सालचे पारितोषिक त्या दोघांना मिळून देण्यात आले. ती वार्ता आली तेव्हा पंचवीस वर्षांचा लॉरेन्स रणांगणावर, शत्रूच्या तोफा कोठे आहेत हे त्यांच्या आवाजावरून हुडकण्याच्या कामात गढला होता, आणि त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या मोहिमेत नुकताच कामी आला होता. विज्ञानातील नोबेल पारितोषिक इतक्या लहान वयात आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही. पण त्या घरात त्या वर्षी आनंद आणि शोक एकाच दाराने आले. ब्रॅग पितापुत्रांनी सांगितले की, मिठाच्या स्फटिकात सोडियम व क्लोरिन यांच्या सुट्या जोड्या नसतात; बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे त्या दोहोंचे कण एकाआड एक बसलेले असतात. रसायनशास्त्राच्या काही जुन्या पंडितांना हे मानवले नाही. १९२७ सालापर्यंत हेन्री आर्मस्ट्राँग या मान्यवर रसायनज्ञाने या कल्पनेची जाहीर थट्टा केली. मीठ मात्र आपल्या पटावर स्वस्थ राहिले.

मिठासारख्या साध्या पदार्थात हे जमले, तरी गुंतागुंतीच्या पदार्थांत एक मोठी अडचण होती. पाण्यावरील दोन लाटा एकमेकींना भेटल्या, तर शिखरावर शिखर आल्यास पाणी उंचावते, आणि शिखराखाली दरी आल्यास ते शांत होते. तेव्हा लाट किती मोठी आहे एवढेच जाणून भागत नाही. तिचे शिखर कोठे पडते, हेही कळावे लागते. लाटेच्या या स्थितीला शास्त्रात तिची 'कला' म्हणतात. छायाचित्रावरील ठिपका किती तेजस्वी आहे त्यावरून लाटेचे बळ समजते, पण तिची कला त्यात उमटत नाही. ती हरवलेली असते. ही हरवलेली कला परत मिळवणे, हाच स्फटिकविज्ञानाचा पुढील अनेक दशकांचा उद्योग होऊन बसला.

या उद्योगात एक आरंभीचे पाऊल भारतीयाचे आहे. केदारेश्वर बॅनर्जी हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या कलकत्त्यातील वर्तुळात तयार झालेले संशोधक. ज्याच्या डांबरगोळ्या आपण कपड्यांत ठेवतो, त्या नॅप्थलिनच्या आणि अँथ्रासिनच्या स्फटिकांचे अंतरंग त्यांनी १९३० च्या सुमारास उलगडले. १९३३ साली त्यांनी दाखवले की, ठिपक्यांच्या तेजांमध्येच परस्परसंबंध असतात, आणि त्यांच्या गणितावरून हरवलेल्या माहितीचा थांग लावता येतो. या वाटेवर पुढे अमेरिकेत हर्बर्ट हॉप्टमन व जेरोम कार्ल यांनी राजमार्ग बांधला, आणि १९८५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते गणित प्रयोगशाळेत राबवून, त्याने खरोखरच रेणूंच्या रचना सुटतात हे सिद्ध करण्यात जेरोम यांच्या पत्नी इझाबेला कार्ल यांचा वाटा फार मोठा होता. पारितोषिकात त्यांचे नाव नव्हते. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना १९९५ साली लाभले.

दुसरी वाट प्रथिनांची. केंब्रिजमध्ये माक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली रक्तातील हिमोग्लोबिनचा पिच्छा धरला. रेणूला पाऱ्याचे जड अणू चिकटवून ठिपक्यांत होणाऱ्या बदलांवरून कला शोधण्याची युक्ती त्यांना साधली ती १९५३ साली. पेरुट्झ आणि त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांना १९६२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी वैद्यकशास्त्राचे नोबेल डीएनए रेणूच्या दुहेरी गोफाबद्दल क्रिक, वॉटसन व विल्किन्स यांना देण्यात आले. तो गोफ उलगडण्यास ज्यांची छायाचित्रे व मोजमापे उपयोगी पडली, आणि ज्यांचे एक छायाचित्र त्यांच्या नकळत वॉटसनना दाखवण्यात आले होते, त्या रोझालिंड फ्रँकलिन १९५८ सालीच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, निवर्तल्या होत्या. नोबेल पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही. मृत्यूने त्यांचे आयुष्य हिरावले, आणि नियमाने त्यांच्या सन्मानाची शक्यताही.

१९६४ साली डोरोथी हॉजकिन यांना एकट्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेनिसिलिन आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची घडण त्यांनी उकलली होती. पण त्या दिवशी काही इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांना त्यांची ओळख आधी गृहिणी म्हणून करून द्यावीशी वाटली. हॉजकिन यांचे त्याहून आवडते काम तेव्हा अपुरेच होते. मधुमेहाच्या रोग्यांना जीवदान देणाऱ्या इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले छायाचित्र त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केले होते. त्याची रचना हाती आली १९६९ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. एवढा काळ एका प्रश्नापुढे धीर धरून बसणे, ही तपश्चर्याच म्हटली पाहिजे. इन्शुलिनच्या त्या यशात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या तरुणांत ममन्नामना विजयन हे भारतीय होते आणि टॉम ब्लंडेल हे इंग्रज होते. विजयन मायदेशी परतले आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकविज्ञानाचा पाया घातला. शेतकऱ्याच्या परिचयाच्या भुईमुगाच्या दाण्यातील एका प्रथिनाची रचना त्यांच्या गटाने १९९४ साली प्रसिद्ध केली.

नोबेलच्या पलीकडे या शास्त्राच्या उपासकांचा स्वतःचाही एक परिवार आहे. आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाचे पहिले अधिवेशन १९४८ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे भरले. ज्यांच्या प्रयत्नांतून हा संघ उभा राहिला, त्या पाउल एवाल्ड यांच्या नावाने १९८७ पासून एक पारितोषिक दिले जाते. १९९९ साली ते गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांना मिळाले. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये राहून, कातडी व स्नायुबंध यांना बळ देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचा तिपेडी गोफ गोपीनाथ कर्था यांच्यासह मांडला. हरवलेली कला शोधण्याची एक रीत त्यांनी १९५६ साली सुचवली, आणि १९६३ साली रामकृष्णन व शशिशेखरन यांच्याबरोबर असा आलेख दिला की, प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, हे त्यावरून तत्काळ कळावे. आजही जगात कोठेही नवे प्रथिन उलगडले, तर ते या 'रामचंद्रन आलेखा'च्या कसोटीवर घासून पाहिले जाते. नोबेल त्यांना मिळाले नाही. पण ज्यांना मिळाले, त्यांच्याही कामाची पारख त्यांच्या आलेखाने होते.

२०१७ सालच्या ऑगस्टमध्ये या संघाचे चोविसावे अधिवेशन हैदराबादेत भरले. त्या वेळी एवाल्ड पारितोषिकाचे मानकरी होते टॉम ब्लंडेल, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी विजयन यांच्यासमवेत इन्शुलिनचा गुंता सोडवणारे तेच ब्लंडेल. एका वैज्ञानिकाच्या गळ्यात माळ पडते, तेव्हा तिच्या दोऱ्यात किती हातांनी ओवलेले मणी असतात, याचे ते एक उत्तम उदाहरण होते.

पारितोषिकांचा अवमान करण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे समाजाचे लक्ष एका अबोल साधनेकडे वळते, आणि तरुणांना उमेद येते. परंतु स्फटिकविज्ञानाने स्वतःच जो धडा शिकवला आहे, तो पारितोषिकांची यादी वाचतानाही उपयोगी पडतो. काचेवर केवळ तेज उमटते. कोणती लाट कोणाच्या साथीने उसळली, हे त्यात दिसत नाही. ते शोधल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. फ्रीडरिश आणि क्निपिंग, फ्रँकलिन आणि इझाबेला कार्ल, केदारेश्वर बॅनर्जी आणि रामचंद्रन यांची नावे त्या यादीशेजारी ठेवून पाहिली, म्हणजे या शास्त्राचा इतिहास त्याच्या खऱ्या घडणीनिशी डोळ्यांपुढे उभा राहतो.