चिखलात काय बघायचं?



शाळेच्या नाटकातली मुलं रंग लावून विंगेत ताटकळली आहेत. लांबण लावत नाही.

निवृत्त झाल्यावर लेकीकडे सिंगापूरला गेलो. मॉल बघून बघून जीव विटला, तेव्हा जावयांनी तिथल्या नेचर सोसायटीच्या पक्षीनिरीक्षकांत मला ढकललं. सकाळी साडेसात, सुंगेई बुलोहची पाणथळ जागा. "नवीन का?" एवढंच विचारून एका चिनी आजींनी आपली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली.

पहिल्या तासात मी एकच पक्षी ओळखला. कावळा! सगळे हसले. आपला कावळा तिथे उपरा. माणसानेच त्या मुलखात नेलेला आणि इतका वाढलेला की सरकारला तो बंदुकीने कमी करावा लागायचा. तेवढ्यात कोकीळ ओरडला. आजी म्हणाल्या, "याची बायको इथेही तुमच्या कावळ्याच्याच घरट्यात अंडी घालते." गावचं भांडण परदेशात भेटलं की बरं वाटतं हो!

सुंगेई बुलोह म्हणजे कोळंबीची जुनी तळी. १९८६ साली पक्षी बघत हिंडणाऱ्या हौशी लोकांना ती सापडली. तिथे शेतीचा प्रकल्प येणार होता. या लोकांनी पक्ष्यांच्या नोंदी सरकारपुढे ठेवल्या आणि १९९३ साली तिथे निसर्गउद्यान उघडलं. तळ्यांना दारं आहेत, आपल्या खाजणाच्या उघाडीसारखी. भरतीला बाहेरचा चिखल बुडतो, तेव्हा दारं लावून आतलं पाणी उथळ ठेवतात. मग पक्षी आत येऊन उभे राहतात.

त्यांतला एक ठिपकेदार, पिवळसर पाठीचा पक्षी आजींनी दाखवला. म्हणाल्या, सैबेरियाकडून येतो. रात्री लेकीच्या कपाटातलं पक्ष्यांचं मराठी पुस्तक उघडलं. सोनेरी चिखल्या. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरही येतो, असं लिहिलेलं. म्हणजे या शाळेत दहा वर्षं खाडीकाठाने आलो-गेलो, तेव्हा तो तिथेच होता आणि मी चिखलात चप्पल शोधत होतो.

मुलांना खाडीवर पक्षी दाखवायचं मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय. उद्या रविवार, सकाळी सात वाजता ओहोटी आहे. मी बांधावर असेन. लाल-पिवळे कपडे नकोत, चिवडा चालेल. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीने बघू.

चला, पडदा उघडा.