सौद्याच्या पलीकडे कोण?

सकाळी सव्वानऊला मोबाइलवर ऑप्शन चेन उघडून बसणारे आता गावोगावी आहेत. मधोमध स्ट्राइकचे भाव, डावीकडे कॉल (त्या भावाने घेण्याचा हक्क), उजवीकडे पुट (विकण्याचा हक्क) आणि प्रत्येकासमोर ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांचा आकडा. समजा, निफ्टीच्या 25,000 च्या कॉलसमोर हा आकडा फुगलेला दिसला, की लगेच निदान होतं: मोठ्यांनी कॉल विकलेत, निफ्टी याच्यावर जात नाही. पण तो आकडा विकणाऱ्यांचा जेवढा, तेवढाच घेणाऱ्यांचाही असतो. त्यातला मोठा कोण, छोटा कोण, विकणाऱ्याने दुसरीकडे शेअर धरून जोखीम झाकली आहे का, यातलं काहीच तो सांगत नाही.

मग नावंच जाहीर करा, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात ओरडून सौदे होत तेव्हा समोरचा चेहरा दिसे, पण तो रिंगणात उभं राहायला मिळालेल्यांनाच. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावर निनावी सौदे सुरू केले आणि ऑर्डर केवळ भाव व वेळ पाहून जुळू लागली. मुंबईबाहेरच्या दलालाला त्याच रांगेत जागा मिळाली, ती या पडद्यामुळे आणि निनावीपणामुळे. समोरचा पैसे बुडवील ही धास्ती म्हणाल, तर दोघांच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन हमीदार म्हणून उभं असतं. उलट नावं उघडी पडली, तर मोठ्या खरेदीला निघालेल्या म्युच्युअल फंडाच्या पुढे धावून भाव चढवणारे टपलेलेच आहेत. आणि त्या फंडातला पैसा आपल्यासारख्यांचाच असतो.

नावं झाकलेली राहू देत, पण आज जेवढं दाखवलं जातं ते फारच तुटपुंजं आहे. रोजच्या बाजारानंतर निघणाऱ्या तक्त्यात खाने चारच: क्लायंट, देशी संस्था, परदेशी संस्था आणि दलालांचे स्वतःचे सौदे. दोन लॉट घेणारा शिक्षक आणि कोट्यवधींचे सौदे करणारा धनाढ्य, दोघेही 'क्लायंट'च. 3 जुलै 2025 रोजी बाजार नियामक सेबीने निर्देशांकात फेरफार केल्याच्या आरोपावरून जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे 4,843 कोटी रुपये जप्त करायला सांगितले. 17 जानेवारी 2024 या एकाच दिवशी समूहाने ऑप्शनमध्ये सुमारे 735 कोटी कमावले, असं सेबीचं म्हणणं. समूहाने आरोप नाकारले आहेत. निकाल लागायचा तो लागो. पण या समूहाचे व्यवहार परदेशी आणि भारतीय अशा दोन्ही कंपन्यांतून होत होते, आणि अशा कंपन्या तक्त्यात वेगवेगळ्या खान्यांत विखुरतात. एका हातात किती माल आहे, ते बेरीज करूनही कळत नाही. सेबीला तर पॅनवरून सगळं दिसतं ना? दिसतं, पण 17 जानेवारीच्या त्या दिवसाबद्दलचा आदेश यायला जवळजवळ दीड वर्ष गेलं.

अमेरिकेत वायदेबाजाराची नियामक संस्था मंगळवारची स्थिती साधारणपणे शुक्रवारी जाहीर करते. सर्वांत मोठ्या चार आणि आठ व्यापाऱ्यांकडे मिळून ओपन इंटरेस्टचा किती टक्के वाटा आहे, तेही त्यात असतं. नाव एकाचंही नसतं. याने छोट्यांचा तोटा थांबेल का? नाही थांबणार. सेबीच्याच पाहणीत 2024-25 मध्ये वायदे-ऑप्शनमधले 91 टक्के वैयक्तिक व्यापारी तोट्यात होते, आणि त्याची कारणं तक्त्यापेक्षा खोल आहेत. तरीही समूहवार बेरजेचा असा साप्ताहिक तक्ता सेबीने सुरू करावा. तोवर 'मोठ्यांनी कॉल विकलेत' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा: कोणत्या तक्त्यात दिसलं?