शिट्टीमागचे मन : हौशी पंच टिकावा कसा?



सुगी उरकून जत्रांचे दिवस आले की गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. चुन्याच्या रेषा उमटतात, ध्वनिक्षेपकावरून संघांची नावे पुकारली जातात. विजेत्या संघाला ढाल मिळते, उत्कृष्ट चढाईपटूचा सत्कार होतो. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत त्या रेषांच्या कडेने वावरणाऱ्या पंचाचे नाव सहसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. राहिलेच तर एखाद्या वादग्रस्त निर्णयापुरते. हा हौशी पंच बहुधा शिक्षक, कारकून, शेतकरी किंवा जुना खेळाडू असतो. प्रवासखर्च आणि अल्पसे मानधन यांपलीकडे त्याच्या हाती फारसे काही पडत नाही. तरीही तो येतो. तो का येतो आणि एके दिवशी यावयाचा का थांबतो, या दोन्ही प्रश्नांचा विचार खेळाच्या भवितव्यासाठी अगत्याचा आहे.

एका चढाईचा न्याय

कबड्डीतील एक चढाई फार तर तीस सेकंदांची. तेवढ्या अवधीत चढाईपटूचा दम तुटला काय, त्याने निदानरेषा ओलांडली काय, बोनस रेषेपलीकडे पाय टेकला तेव्हा समोर किमान सहा खेळाडू होते काय, पकड करणाऱ्याचा पाय मैदानाबाहेर गेला काय, हे सारे पाहावयाचे असते. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले, तरी ऐंशी चढाया होतात. म्हणजे किमान ऐंशी वेळा न्याय द्यावयाचा, आणि तोही जागच्या जागी.

एवढ्या निर्णयांत एखादी चूक होणे स्वाभाविक आहे. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उदाहरण घ्यावे. भारत व इराण यांच्यातील पुरुष कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना लॉबीविषयक नियमाच्या अर्थावरून वाद उद्भवला आणि खेळ सुमारे तासभर थांबला. शेवटी भारताने ३३-२९ असा विजय मिळविला. निवडक पंच आणि चित्रीकरणाची सोय असतानाही जेथे असा पेच पडतो, तेथे गावच्या मैदानावर केवळ दोन डोळ्यांच्या भरवशावर उभ्या असलेल्या पंचाने स्वतःची एखादी चूक आयुष्यभर उराशी बाळगण्याचे कारण नाही. त्या चुकीचे कारण मात्र त्याने त्याच दिवशी शोधले पाहिजे.

उत्साहाचे मूळ

टाळ्यांवर विसंबणाऱ्या पंचाचा उत्साह फार दिवस टिकत नाही. प्रत्येक निर्णयाने एक बाजू नाराज होणारच, हे त्याच्या कामातच गृहीत आहे. म्हणून आपल्या कामाचे माप त्याने स्वतःजवळ ठेवावे. आज निर्णय देताना आपण योग्य जागी उभे होतो काय? शिट्टी वेळेवर वाजली काय? आरडाओरड वाढल्यावर आपला निर्णय डळमळला काय? सामन्यानंतर एका वहीत अशा दोन-चार ओळी लिहिणारा पंच वर्षाअखेरीस आपली प्रगती स्वतः वाचू शकतो. हंगामापूर्वी नियमपुस्तिका पुन्हा वाचणे, पंच परीक्षेची तयारी करणे, धावण्याचा सराव ठेवणे, अशी लहान उद्दिष्टे डोळ्यांसमोर असली म्हणजे काम शिळे होत नाही.

दुसरा आधार सहकाऱ्यांचा. कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे साहाय्यक अशी योजना आहे, ती एकट्या माणसाला सर्व बाजूंनी दिसत नाही म्हणूनच. सामना संपल्यावर या मंडळींनी दहा मिनिटे एकत्र बसून अवघड प्रसंगांची मोकळी चर्चा केली, तर मनावरचा भार हलका होतो आणि नवख्या पंचाचे शिक्षणही होते. नवख्याला प्रारंभीच अटीतटीच्या अंतिम सामन्यात उभे करू नये. लहान गटाच्या सामन्यांत त्याचा हात बसू द्यावा. आणि जुन्या पंचालाही सतत रात्री जागवून थकवू नये. आळीपाळीने विश्रांती मिळाली की शिट्टीची ओढ कायम राहते.

गावाची जबाबदारी

पंचाच्या मनोधैर्याचा भार केवळ पंचावर टाकून मात्र चालणार नाही. अनेकजण हे काम सोडतात ते मानधन अपुरे म्हणून नव्हे. चारचौघांत, कधी मुलाबाळांसमक्ष झालेला अपमान त्यांच्या जिव्हारी लागतो. स्पर्धा भरविणाऱ्यांनी प्रेक्षकांना रेषांपासून दूर बसवावे, सामने ठरल्या वेळी सुरू करावेत, पंचांसाठी पाणी, भोजन व परतीच्या प्रवासाची सोय पाहावी. तक्रार संघनायकाने रीतसर मांडावी; मैदानात धावून येणाऱ्याला, तो कितीही वजनदार असो, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीच आवरावे. बक्षीस समारंभात पंचांचा नामोल्लेख व्हावा. याला खर्च लागत नाही.

शिक्षकांच्या हाती तर याहून मोठे साधन आहे. शाळेच्या सरावसामन्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आळीपाळीने शिट्टी द्यावी. जो मुलगा किंवा मुलगी एकदा पंच म्हणून उभी राहते, तिला निर्णय देणे किती कठीण आहे हे उमगते, आणि पुढे ती पंचाशी हुज्जत घालताना दोनदा विचार करते. उद्याचे पंचही याच मुलांमधून मिळतील.

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपले पूर्वज म्हणत आले. चावडीवरचा पंच आणि मैदानावरचा पंच यांना मराठीने एकच शब्द दिला आहे. दोघांकडून अपेक्षा एकच, की आपला-परका न पाहता जे दिसले ते सांगावे. असा माणूस कंटाळून घरी बसला, तर त्या गावात खेळ होईल, पण हरलेल्या मुलाला आपण न्यायाने हरलो असे वाटणार नाही. त्या मुलाचा विश्वास राखण्यासाठी पंचाने शिट्टी खाली ठेवू नये आणि गावाने ती खाली ठेवण्याची वेळ त्याच्यावर आणू नये.