दूरध्वनीचा जनक : एक शिक्षक

(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान, बोम्मसंद्रा, बंगळुरू)



बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे दिवस यंत्रांच्या सहवासात जातात, अशा श्रोत्यांपुढे एका यंत्राची जन्मकथा अप्रस्तुत ठरू नये. त्यातही दूरध्वनीचे या शहराशी नाते जुने आहे. १९४८ साली ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ हा कारखाना बंगळुरूत उभा राहिला आणि त्याच्याभोवतीची वसाहत ‘दूरवाणीनगर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे कित्येक दशके देशभरातील घरांत आणि कचेऱ्यांत या कारखान्याची यंत्रे खणखणत राहिली.

या यंत्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मात्र कारखानदार नव्हता, की विद्युत्‌शास्त्राचा पंडितही नव्हता. तो शिक्षक होता. ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरो येथे त्याचा जन्म झाला. वडील उच्चारशास्त्राचे अभ्यासक होते. जीभ, ओठ व कंठ यांच्या स्थिती दाखविणारी एक चिन्हलिपीच त्यांनी तयार केली होती. आईला ऐकू फार कमी येई. घरात चाललेले संभाषण तिला कळावे म्हणून लहानगा बेल तिच्याजवळ बसून बोटांच्या खुणांनी ते तिला सांगत असे. १८७१ पासून बोस्टन येथे कर्णबधिर मुलांना बोलावयास शिकविणे हाच त्याचा व्यवसाय झाला. प्रयोगांसाठी उरत ते रात्रीचे तास.

१८७४ च्या उन्हाळ्यात त्याने केलेला प्रयोग विलक्षण होता. एका मृत व्यक्तीचा कान वैद्यकीय मित्राकडून मिळवून त्याने आतील अस्थींना गवताची काडी जोडली. कानाशी बोलताच काजळी धरलेल्या काचेवर ती काडी ध्वनीच्या लहरी रेखाटू लागली. शब्द डोळ्यांना दिसला, तर मुलांना उच्चार शिकणे सोपे जाईल, हा मूळ हेतू. पण त्यातून एक प्रश्न उभा राहिला. कानातील कागदासारखा पातळ पडदा जर आपल्याहून जड अस्थी हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का हलवू शकणार नाही?

त्या काळची तारयंत्रणा प्रवाह जोडणे आणि तोडणे एवढेच जाणत होती. त्यातून टिंब आणि रेघ जाई. पण आवाजाचे चढउतार जात नसत. २ जून १८७५ रोजी बेल आणि त्याचा साहाय्यक टॉमस वॉटसन एकाच तारेतून अनेक संदेश पाठविण्याची खटपट करीत होते. एका खोलीत अडकलेली पोलादी पट्टी वॉटसनने बोटाने छेडली. दुसऱ्या खोलीत बेलला तिचा झंकार जसाच्या तसा ऐकू आला. संपर्काचा स्क्रू अधिक घट्ट बसल्यामुळे प्रवाह तुटलाच नव्हता. पट्टीच्या कंपनाबरोबर तो लहरत गेला होता. एरवी हा बिघाड दुरुस्त करून काम पुढे चालले असते. बेलने मात्र जे घडले त्याचा अर्थ ओळखला, कारण मुलांच्या अडखळत्या उच्चारांतील सूक्ष्म भेद टिपण्याची सवय त्याच्या कानाला होती.

१४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्याचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या संशोधकानेही आपली कल्पना त्याच कार्यालयात नोंदविली. ७ मार्चला बेलला पेटंट मिळाले आणि १० मार्चला वॉटसनला बोलावणारे त्याचे शब्द तारेतून स्पष्ट उमटले. ग्रेशी वाद पुढे चालूच राहिला. जर्मनीतील फिलिप राइस आणि इटलीहून अमेरिकेत आलेले अंतोनियो मेउच्ची यांनीही आधी या दिशेने प्रयत्न केले होते. तेव्हा हे श्रेय एकट्याचे मानणे न्याय्य होणार नाही.

१८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. खेड्यांपर्यंत हे साधन पोहोचावयास मात्र शतक लागले. वातानुकूलनाशिवाय चालणारे, १२८ जोडण्यांचे स्वदेशी स्वयंचलित ग्रामीण केंद्र १९८६ साली बसविले गेले, ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे.

या कथेला एक दुःखद बाजूही आहे. कर्णबधिर मुलाने बोलावयासच शिकले पाहिजे, हा बेलचा आग्रह पुढे वाढत गेला. शाळांत खुणांच्या भाषेला स्थान देण्यास त्याने विरोध केला. १८८० च्या मिलान येथील शिक्षक परिषदेने वाचिक पद्धतीच श्रेष्ठ ठरविली आणि अनेक देशांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. जी मुले त्या भाषेत सहज विचार करीत, हसत, भांडत, त्यांना वर्गात हात आवरून बसावे लागले. बेलचा हेतू वाईट नव्हता. त्याची पत्नी मेबल हीदेखील कर्णबधिर आणि एकेकाळची त्याचीच विद्यार्थिनी होती. पण ज्या बोटांच्या भाषेने त्याने आईशी संवाद साधला, त्या भाषेचे मोल वर्गात त्याला उमगले नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेच्या हीरक महोत्सवात हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मुलाच्या हिताच्या कळकळीनेच त्याची भाषा बाजूला सारली जाऊ शकते. परप्रांतात संसार थाटलेल्या पालकांपुढे हा प्रश्न रोजच उभा असतो. मुलाने कन्नड शिकावी, इंग्रजीत प्रावीण्य मिळवावे. उदरनिर्वाहासाठी आणि शेजारधर्मासाठी ते आवश्यकच आहे. मात्र घरी आजीशी तो ज्या भाषेत बोलतो, ती त्यासाठी सोडावी लागू नये. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभी केली, त्यांनी मुलाला त्याच्याच भाषेत विचारावयाचे आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकावयाचे, ही रीत घालून दिली. ती पुढच्या पिढीपर्यंत नेणे हे आता माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे काम आहे.